सीलबंद पाम

विजेच्या खात्यात एकतीस वर्षे मीटर तपासण्याची सेवा केलेल्या त्या गृहस्थांना निवृत्तीनंतरही सारे जण ‘तपासनीस’ म्हणूनच संबोधत. पद सरते, पदाने डोळ्यांना लावलेले वळण सरत नाही. मीटरच्या पेटीला बारीक तार ओवायची, तिच्या टोकांवर शिशाची टिकली ठेवायची आणि ठशाच्या पक्कडीने ती दाबून चपटी करायची, की झाले सील. सील अभंग असेल तर आतला व्यवहार निर्मळ. तुटलेले असेल तर घरधनी लबाड. जगाचा निवाडा करण्याचे इतके निःसंदिग्ध साधन फार थोड्यांच्या हाती येते, आणि ज्यांच्या हाती येते त्यांना मग दुसऱ्या कशाची गरज वाटेनाशी होते.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना तीच जुनी पक्कड आणि टिकल्यांची एक पिशवी थट्टेने भेट दिली. थट्टा त्यांना कळली नाही. आठवड्याच्या आत पाण्याच्या पंपाची पेटी, माळ्यावरची ट्रंक आणि शिलाईयंत्राचा खण ही सर्व सीलबंद झाली.

“अहो, साखरेच्या डब्यालासुद्धा?” पत्नीने कमरेवर हात ठेवून विचारले.

“साखर फार लवकर संपते.”

“संपते, कारण तुम्ही चहात तीन चमचे घालता. आणि मुंग्यांसाठी असेल, तर त्यांना तुमचा ठसा वाचता येत नाही.”

डब्याचे सील त्याच दुपारी निघाले. बाकीची राहिली.

अशा घरी एका सकाळी हातगाडीवरून एक झाड आले. छातीइतके उंच; बुंध्याभोवती तपकिरी, जाळीदार काथ्याचे वेष्टन, जणू कुणी त्याला लोकरीचा जाड सदरा चढवला आहे; आणि माथ्यावर पसरलेल्या पंजासारखी, घड्याघड्यांची गोल पाने. संस्कृताने पंख्यालाच ‘तालवृन्त’ म्हटले ते अशाच पानांवरून. पण ताडाला ऊब लागते; त्याच्याच कुळातला हा पंख्याचा पाम मात्र गार, डोंगराळ मुलखातला, कडाक्याच्या थंडीतही हिरवेपण न सोडणारा. कुंडीच्या काठाला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली होती. तपासनिसांनी अक्षर ओळखले आणि चिठ्ठीला हात न लावता ते पायरीवर जाऊन बसले. पत्नीने ती मोठ्याने वाचली.

“‘दादा, हा थंडी सोसणारा पाम आहे. थंडीला भिऊ नकोस, साचलेल्या ओलीला भी. हिवाळ्यात गाभा मोकळा ठेव. धाकटा.’”

या धाकट्या भावाशी तपासनीस अकरा वर्षे बोलले नव्हते. धाकट्याची शहराबाहेर रोपवाटिका होती, तिच्यात नाजूक रोपांसाठी विजेवर उबदार ठेवलेले एक काचघर होते. अकरा वर्षांपूर्वी, ऐन हिवाळ्यात, नेहमीची तपासणी त्या काचघरापाशी आली. मीटर नातलगाचे असेल तर तपासनिसाने बाजूला व्हावे आणि दुसऱ्याला धाडावे, असा खात्याचा स्पष्ट नियम होता. यांना वाटले, बाजूला होणे म्हणजेच भावाला पाठीशी घालणे. ते स्वतः गेले. सील तुटलेले निघाले. अहवालात ‘छेडछाड करणारा’ असा एक रकाना असतो. तो त्यांनी कुणालाही काहीएक न विचारता भरला. त्याच संध्याकाळी काचघराची वीज तोडण्यात आली. धाकटा एवढेच म्हणाला होता, “दादा, मी हात लावलेला नाही.” आणि तपासनीस म्हणाले होते, “असं सगळेच म्हणतात.”

“अकरा वर्षांनी झाड कशासाठी?” पायरीवरून ते आता पुटपुटले.

“भाऊ आहे म्हणून.”

“भाऊ होता तेव्हा काही पाठवलं नाही त्याने.”

“होता? म्हणजे काय, वारले की काय भावजी?” पत्नी म्हणाली आणि चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवून आत गेली.

त्या पायरीवरच तपासनिसांच्या मनात एक खटला उभा राहिला. हे झाड मेले, तर धाकट्याने मरणारेच झाड पाठवले होते. मनात त्याच्या काळेच होते, आणि अकरा वर्षांपूर्वीचा निवाडा यथार्थ होता. झाड जगले, तर त्याचा हेतू शुद्ध. आणि ज्याचा हेतू इतका शुद्ध, त्याच्याविषयी लिहिलेला तो अहवाल मग... या वाक्याच्या टोकापर्यंत ते कधीच गेले नाहीत. मात्र त्या दिवसापासून झाडाच्या प्रत्येक पानात त्यांचे स्वतःचेच काहीतरी पणाला लागले.

लावण्यापूर्वी त्यांनी झाडाची झडती घेतली. कुंडी जुन्या वर्तमानपत्रांवर रिकामी केली, माती चाळणीने चाळली, मुळांच्या गुंत्यातून विणकामाची सुई फिरवली.

“काय शोधताय?” पत्नीने विचारले.

“सापडलं की सांगेन.”

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “गांडूळ आहे.”

“भावजींनीच पाठवलं असेल. हेर म्हणून.”

बागेच्या दक्षिण कोपऱ्यात, जिथे वाऱ्याने पाने फाटणार नाहीत अशा भिंतीच्या आडोशाला, खडी मिसळलेल्या उंचवट्यावर पाम उभा राहिला. भिंतीपलीकडे एक निवृत्त घड्याळजी राहत. त्यांचे भिंग दोऱ्याने सदैव गळ्यात लटकत असे. ते भिंतीवरून डोकावले.

“काय तपासनीस, नवा कैदी?”

“तुमच्या खिडकीतला उजेड अडतोय का याने?” तपासनिसांनी तत्काळ विचारले. उजेड अडत असेल, तर उद्या झाडाचे बरेवाईट करण्याला या गृहस्थांपाशी कारण आहे, हे त्यांनी मनात टिपून घेतले.

“वीस वर्षांनी अडेल. तोवर मी नसेन. वाढू दे की.”

पाम वाढला. या झाडाला फांद्या फुटत नाहीत. साऱ्या माथ्यामध्ये एकच गाभा, आणि त्या एका गाभ्यातून मिटलेल्या पंख्यासारखा पोंगा वर सरकतो व मग उलगडून त्याचे पान होते. तो गाभा गेला की झाड गेले. तपासनीस दररोज सकाळी पोंग्यावर पेन्सिलीची बारीक रेघ ओढत आणि दुसऱ्या दिवशी ती रेघ शेजारच्या देठापासून किती वर गेली ते पट्टीने मोजत. उन्हाळाभरात चार पाने आली, चारही सतेज आणि निर्दोष. यामुळे त्यांचा संशय उलट बळावला.

“किती छान धरलंय हो!” पत्नी म्हणाली.

“सुरुवातीला सगळेच नीट वागतात.”

मग दिवस आखडले, सकाळी गवतावर दहिवर दिसू लागले, आणि तपासनिसांनी चिठ्ठी पुन्हा काढली. ‘गाभा मोकळा ठेव.’ ते वाक्य त्यांनी उभे धरून वाचले, आडवे धरून वाचले. हिवाळ्यात गाभा मोकळा! तान्ह्या पोराचे टोपरे काढून त्याला ओसरीवर निजव, म्हणण्यापैकीच हे. आणि हे कोण सांगतो? ज्याचे काचघर त्यांनी गारठवले तो. अकस्मात त्यांना सगळा डाव स्वच्छ दिसला. झाड निरोगीच पाठवायचे, आणि मारायचे मात्र ज्याला दिले त्याच्याच हातून!

त्यांनी पाने वर ओढून सुतळीने एकत्र बांधली. त्यांभोवती गोणपाटाचे तीन पदर गुंडाळले, माथ्यावर प्लास्टिकचा कागद आवळला, आणि साऱ्या वेष्टनात तार ओवून पाच ठिकाणी सील ठोकले.

“अहो, भावजींनी मोकळा ठेवा म्हटलंय ना?”

“म्हणूनच झाकतोय.”

पुढचे साडेतीन महिने हा माणूस गळपट्टा गुंडाळून रोज सकाळी त्या गोणपाटी पुतळ्याला प्रदक्षिणा घाली, एकेक टिकली अंगठ्याने चाचपी, तार ताणून पाही, आणि समाधानाने चहाला येई. एकदाच विघ्न आले. तिसऱ्या टिकलीवर ताजा ओरखडा दिसला. ते तसेच भिंतीशी गेले.

“काल दुपारी तुम्ही इथे भिंतीशी काय करत होता?”

“श्वास घेत होतो,” घड्याळजी म्हणाले. “जुनी सवय आहे.”

“तिसऱ्या सीलवर ओरखडा आहे.”

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावले, भिंतीवर पोट टेकून वाकून पाहिले. “तुमच्याच पक्कडीचा आहे हो. एक दात झिजलाय तिचा, इथे घसरते. द्या आणून, कानस मारून देतो.”

पक्कड यांना कशाला हवी, या विचाराने तपासनीस ती रात्रंदिवस कोटाच्या खिशात बाळगू लागले.

हिवाळा उलटला. एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी त्यांनी पत्नीला साक्षीला बोलावले आणि पाचही सील तिला दाखवली. पाचही अभंग. त्यांच्या मुद्रेवर जे तेज आले ते तिने निवृत्तीनंतर पाहिले नव्हते. त्यांनी तारा कापल्या, कागद काढला, गोणपाट सोडले.

आतून एक वास आला. फुलदाणीतले पाणी आठवडाभर बदलले नाही म्हणजे येतो तसला. बाहेरची पाने हिरवीच होती. मधला पोंगा मात्र फिकट दिसला. तपासनिसांनी तो दोन बोटांत धरला. ओढलाही नसेल, नुसता धरला. आणि तो सहज, कढीत बुडवलेल्या डावासारखा, वर आला. त्याचे बूड तपकिरी आणि बुळबुळीत होते.

“बघितलंस?” ते म्हणाले. “सिद्ध झालं.”

पण खटला जिंकलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. पोंगा हातात धरून ते तिथेच, ओल्या मातीवर बसले.

पत्नी आत जाऊन फोन करून आली. “भावजींना बोलावलंय.”

“आरोपीला पंचनाम्याला बोलवायचं नसतं.”

“मी चहाला बोलावलंय. पंचनामा तुमचा तुम्ही करा.”

धाकटा तासाभराने आला. केस पांढरे झाले होते, एक गुडघा वाकवताना तो कण्हत होता. बारा वर्षांनी समोर आलेल्या भावाकडे त्याने एकवार पाहिले आणि सरळ झाडाकडे गेला. गोणपाट उचलून त्याने हुंगले. तारेत ओवलेल्या टिकल्या तळहातावर घेतल्या.

“हे काय?”

“सील. पाचही अभंग आहेत. कुणी हात लावलेला नाही. म्हणजे रोग आधीपासून आत होता, येतानाच.”

“किती दिवस बांधलं होतंस?”

“साडेतीन महिने.”

“एकदाही उघडून आत पाहिलं नाहीस?”

“कशासाठी? सील तुटलं नव्हतं.”

धाकट्याने डोळे मिटले. हसू आवरण्यासाठी की दुसरे काही, हे तपासनिसांना ठरवता आले नाही. “दादा, बाहेरून कुणी आलंच नाही रे. झाडाचा स्वतःचाच दमटपणा आत कोंडला, त्यावर तू प्लास्टिक आवळलंस. थंडी सोसली असती त्याने. हे नाही सोसलं. गाभा कुजलाय.”

“मग? मेलं?”

“कळेल. कापावं लागेल, खाली पांढरं, टणक लागेपर्यंत.”

त्याने पिशवीतून पातळ पात्याची सुरी काढली, ती पुसली आणि पामच्या माथ्यात, अगदी मधोमध, तिरपी घातली. तपकिरी लगद्याचा एक काप निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याच्या वेळी तपासनिसांनी झडप घालून त्याचे मनगट धरले.

“मारतोयस तू त्याला! माझ्यादेखत!”

पत्नी ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. धाकट्याने मनगट सोडवून घेण्याचा प्रयत्न केला नाही.

“सोड, नाहीतर तू काप,” तो हळू म्हणाला. “पण कुठे थांबायचं ते तुला कळणार नाही.” मग म्हणाला, “हे कुठलं झाड आहे माहितेय? तू वीज तोडलीस त्या आठवड्यात काचघरातलं सगळं काळं पडलं. तीन हजार रोपं. दाराशी एका ट्रेमध्ये बोटभर उंचीचे हे पाम होते, तेवढे राहिले. सतरा. त्यांतला हा एक.”

“मग मलाच का पाठवलास?”

“काय जगलं ते तुला दिसावं म्हणून.”

हा टोमणा होता की माया, हे तपासनिसांना त्या क्षणी कळले नाही. पुढेही निश्चित कळले असे नाही. परंतु या दोहोंपैकी काय असेल याचा निर्णय करण्यात मन गुंतलेले असताना त्यांच्या बोटांची पकड मात्र सैल पडली होती. धाकट्याने चौथा काप काढला. खाली पांढरे लागले. तो थांबला.

मोरचूद आणि चुन्याचे निळसर कालवण त्याने त्या जखमेवर लावले. “दोन महिने हात लावू नकोस. झाकू तर मुळीच नकोस. पाऊस पडू नये म्हणून वर उंचावर पत्रा, चारी बाजू मोकळ्या.” चहा त्याने उभ्या उभ्याच घेतला. वहिनीला तो म्हणाला, “साखर कमी झाली तुमच्या घरात.”

“सील होतं डब्याला,” ती म्हणाली. आणि दोघे हसले. तपासनीस हसले नाहीत.

तो गेल्यावर त्यांनी वाटीत उरलेले निळे कालवण एका बाटलीत भरले आणि बियाण्यांच्या दुकानात नेऊन विचारले, “यात काय आहे?”

दुकानदाराने ते बोटांवर घोळवले. “मोरचूद, चुना. प्रमाण उत्तम आहे. कुणी केलं?”

“एकाने,” तपासनीस म्हणाले.

मग वाट पाहणे आले. ज्याने आयुष्यभर तपासले त्याला नुसते थांबणे किती जड जाते! सकाळी ते भिंतीपासून चार हातांवर खुर्ची टाकून बसत. जवळ जात नसत, कारण जवळ गेले की हात वळवळत. कधी वाटे, धाकट्याने खोल कापून काम तमाम केले आहे आणि दोन महिन्यांची मुदत घेतली आहे ती केवळ आपल्याला झुलवायला. कधी वाटे, नाही. आणि हे दुसरे वाटणे पहिल्यापेक्षा अधिक त्रास देई, कारण मग साडेतीन महिन्यांची ती कोंडणी कुणाची, हा प्रश्न उरे. रात्री त्यांना जेवण गोड लागेना.  पत्नी पानात अर्धी पोळी कमी वाढी.

सातव्या आठवड्यात निळ्या खपलीतून एक हिरवे टोक वर आले. नवव्या आठवड्यात ते पान उलगडले, आणि तपासनीस खुर्चीवरून ताडकन उठले. पानाचे सगळे शेंडे कापलेले होते! एकजात, सरळ रेषेत, कात्रीने छाटल्यासारखे.

“काल संध्याकाळी तुमच्या घरात कात्री कुणाच्या हातात होती?” ते भिंतीवरून गरजले.

घड्याळजी बनियनवर बाहेर आले. त्यांनी भिंग लावले आणि पुष्कळ वेळ पाहिले. “कडा वाळलेली आहे,” ते म्हणाले. “ताजा काप ओला असतो. आणि हा तिरपा आहे बघा, डावीकडून उजवीकडे. तुमच्या भावाने सुरी घातली तेव्हा हे पान आत होतं, घडी करून. टोक तेव्हाच गेलं. उरलेलं आता वर आलंय.” भिंग खाली सोडून ते म्हणाले, “तरीही आलंय, हे मात्र खरं.”

तपासनिसांनी त्यांची क्षमा मागितली नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा ते घड्याळजींना “बसा ना” म्हणाले, आणि घड्याळजी भिंतीपलीकडे असल्यामुळे बसू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट घालून निघाले. कुठे, ते पत्नीने विचारले नाही. रोपवाटिकेचे फाटक उघडेच होते. वाटेच्या कडेने सोळा पाम ओळीने उभे होते, सारे छातीइतके, सारे त्याच वयाचे. तपासनिसांनी ते मोजले. धाकटा शेवटल्या शेडमध्ये रोपांच्या कुंड्या मांडत होता.

“पान आलं,” तपासनीस म्हणाले.

“तुटकं?”

“तिरपं.”

“पुढचं निम्मं येईल. त्याच्या पुढचं पुरं.” तो कुंड्या मांडतच राहिला.

 मग ज्या रकान्यात तपासनिसांनी एकदा न विचारता लिहिले होते, त्याच्याविषयी त्यांनी विचारले. “त्या वेळी ते सील कुणी तोडलं होतं?”

धाकट्याचा हात थांबला. “माहीत नाही.”

“अंदाज?”

“बारा वर्षं अंदाजच करतोय. मातीच्या गोण्या टाकणाऱ्यांपैकी कुणी असेल, शिडी लागून तुटलं असेल. मी नव्हतो. तेव्हा विचारलं असतंस तर दोघांनी मिळून शोधलं असतं. आता काय सापडणार?”

हे उत्तर तपासनिसांना पुरले नाही. ‘माहीत नाही’ हे उत्तर साऱ्या सेवेत त्यांनी कुणाचे मान्य केले नव्हते, आणि आता भावाच्या तोंडून आले म्हणून ते पुरावा ठरत नव्हते. त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिले; तिथेही काही सिद्ध झाले नाही. त्यांचा विश्वास बसला असे लिहिणे हे असत्य होईल. पण एक गोष्ट त्यांना कुणी न सांगता, कुठलाही तपास न करता ठाऊक होती, आणि ती त्यांनी सांगितली.

“ती तपासणी मी करायला नको होती. दुसऱ्याला पाठवायचा नियम होता. मी गेलो.”

“हो,” धाकटा म्हणाला. एवढेच. त्याने ‘असू दे’ म्हटले नाही, आणि तपासनिसांनाही ते अपेक्षित नव्हते. शेडच्या पत्र्यावर एक पाखरू टकटक चालत गेले.

मग धाकट्याने कोपऱ्यातली भरलेली झारी उचलून त्यांच्यापुढे धरली. “धर. या रांगेला घाल, मला वाकवत नाही.”

“किती घालू?”

“मी थांब म्हणेन तेव्हा थांब.”

तपासनिसांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि ते पहिल्या कुंडीवर वाकले.